देव्हाऱ्याचे लाकूड

गेल्या आषाढात आमच्या घरच्या देव्हाऱ्याचा एक पाय बसला. वरून रंग शाबूत, कडा शाबूत, आणि आत मात्र वाळवीने केवळ मातीची नळी शिल्लक ठेवलेली. देव उचलून चौरंगावर ठेवले, देव्हारा पालथा घालून पाहिला, तेव्हा असे आढळले की मूळचे तीन पाय, चौकट आणि कळसाखालची कोरीव पट्टी ही सारी फणसाची असून त्यांना किडीचा स्पर्शही झालेला नाही. पोखरला गेलेला पाय तेवढा मागाहून बसविलेला होता. कोणा एका वर्षी घाईने, जवळ पडलेल्या पांढऱ्या लाकडाचा तुकडा घेऊन कोणीतरी ती डागडुजी केली असली पाहिजे. शंभर वर्षांच्या कामास एका घाईच्या दिवसाने दगा दिला होता.

चतुर्थीच्या आत नवा देव्हारा उभा करावा, जुन्याचे जेवढे धड आहे तेवढे त्यात सामावून घ्यावे आणि काम शक्यतो घरच्या पडवीतच व्हावे, असे ठरले. मेस्त ओळखीचा होता. हत्यारेही होती. नव्हते ते एवढेच, लाकूड. ते शोधण्यात आमचे पाच आठवडे गेले, आणि त्या पाच आठवड्यांत जे पाहिले व वाचले त्याचा हा वृत्तान्त आहे. घरी एखादा पाट, एखादी पेटी, एखादा झोपाळा करू इच्छिणाऱ्या वाचकांसही त्याचा थोडाफार उपयोग व्हावा.

पहिल्याच वखारीत आम्हांस प्रश्न विचारण्यात आला, ‘सागवान कुठले देऊ?’ आमच्या आजोबांच्या काळी या प्रश्नाला अर्थच नव्हता. साग म्हणजे घाटावरचा साग. आता मात्र सीपी म्हणजे जुन्या मध्यप्रांताचा, बल्लारशाकडचा; बर्मा म्हणजे ब्रह्मदेशाचा; आणि त्याखेरीज घाना, आयव्हरी कोस्ट, इक्वेडोर, पनामा अशा देशांची नावे त्या वखारवाल्याच्या तोंडी गावातल्या वाड्यांच्या नावांसारखी खेळत होती. काली नदीच्या खोऱ्यातले सागाचे अरण्य जेथून एका दिवसात गाठता येते, तेथे दक्षिण अमेरिकेचा साग विकत घ्यावयाचा, ही गोष्ट आम्हांस प्रथम विचित्र वाटली. ती तशी का झाली हे समजावयास बरेच मागे जावे लागते.

देवासाठी लाकूड निवडणे ही आपल्याकडे फार जुनी विद्या आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वनसंप्रवेश नावाचा एक स्वतंत्र अध्यायच त्यासाठी घातला. मूर्तीसाठी झाड निवडावयास रानात केव्हा जावे, कोणते झाड घ्यावे आणि कोणते वर्ज्य मानावे हे त्यात सांगितले आहे. स्मशानातले, वाटेवरचे, देवळाजवळचे, आश्रमातले, वारुळावर वाढलेले, वीज पडलेले, वाऱ्याने किंवा हत्तीने मोडलेले, वाळून गेलेले, मधमाशांचे पोळे असलेले, असली झाडे त्याला नको आहेत. या यादीत श्रद्धेचा भाग आहे, तसा सुताराच्या अनुभवाचाही आहे. वारुळाजवळचे झाड म्हणजे वाळवीचे घर. वीज पडलेल्या वा वाऱ्याने पिळवटलेल्या खोडात बाहेरून न दिसणाऱ्या चिरा असतात. त्यातली एक गोष्ट मात्र केवळ उपयुक्ततेने उलगडत नाही. झाड तोडण्यापूर्वी रात्री त्याची पूजा करावी आणि त्यावर वसणाऱ्या भूतमात्रांस दुसरीकडे जाण्याची विनंती करावी, असे तो सांगतो. आणि तोडण्यापूर्वी झाडावर दिशांच्या खुणा कराव्यात, म्हणजे मूर्ती उभी करताना बुडखा कोणता व शेंडा कोणता, पूर्व कोणती व पश्चिम कोणती यात घोटाळा होत नाही. या शेवटच्या सूचनेकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

कोकण-गोव्याच्या जुन्या घरांत लाकडाची वाटणी ठरलेली असे. ज्यास गोव्यात माट्टी म्हणतात तो ऐन तुळयांना आणि खांबांना, किंदळ वाशांना, साग दारांना व तावदानांना, शिसव उंची सामानाला, शिवण कोरीवकामाला, कारण ती हलकी असून वाकत-पिळवटत नाही. सावंतवाडीची रंगीत खेळणी पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची. आणि फणस देवाचा. ताज्या फणसाचे लाकूड हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षे जातील तसे ते मधासारखे तांबूस होत जाते. मृदंगाचे खोड याच लाकडातून कोरतात. परसातच वाढणारे झाड, त्याचे फळ घरच्यांनी खाल्लेले, आणि म्हातारे झाल्यावर त्याच्या गाभ्याचा देव्हारा. यापरते दूर जाण्याचे कोणास कारण नव्हते.

हे परसातले झाडही राजसत्तेच्या दृष्टीआड नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी जे लिहिले आहे ते प्रत्येक घरमालकाने वाचण्याजोगे आहे. साग, शिसव यांसारखी जहाजास लागणारी झाडे राज्यातल्या अरण्यांतून घ्यावीत, पण तीही हुजूरच्या परवानगीने, आणि कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावीत. आंबे-फणसही आरमाराच्या कामाचे खरे, परंतु त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांनी होत नाहीत, रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात आणि ती तोडली असता तिच्या दुःखास पार राहत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. सन १७१५-१६ च्या सुमाराचे हे लिखाण आहे. शेतकऱ्याच्या बांधावरचा फणस ही त्याची संतती आहे असे मानणारी राजाज्ञा त्या काळी जगात अन्यत्र किती होती कोण जाणे.

याच पश्चिम किनाऱ्याच्या सागावर पुढे परकीयांची जहाजे तरंगली. लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आला आणि त्याच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत ब्रिटिश आरमारासाठी मोठमोठी लढाऊ जहाजे बांधली. १८१७ मध्ये तेथे पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे, आणि त्याचा साग मलबारचा. पोर्तुगिजांची कथा अधिक नवलाची. मराठ्यांच्या आरमाराने त्यांच्या एका जहाजाचे नुकसान केले होते. त्या भरपाईपोटी १७७९ च्या तहान्वये नगरहवेलीचा प्रदेश पुढे त्यांच्या हाती आला. त्या प्रदेशात सागाची राने होती. तोच साग दमणच्या गोदीत नेऊन त्यांनी ‘दों फेर्नांदु दुसरा आणि ग्लोरिया’ हे जहाज बांधले व १८४३ मध्ये ते पाण्यात सोडले. लिस्बनहून हिंदुस्थानच्या सफरीस येणारे त्यांचे ते शेवटचे शिडाचे लढाऊ जहाज. १९६३ मध्ये ते आगीत जळाले, पुढे त्याची दुरुस्ती झाली आणि लिस्बनच्या समोरच्या तीरावर ते आज पाहावयास मिळते. एका जहाजाच्या भरपाईत दिलेल्या रानातून दुसरे जहाज निघाले, असा हा हिशेब आहे.

कंपनी सरकारने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यास मलबारात जंगलांचा संरक्षक नेमले व सागाचा मक्ता आपल्याकडे घेतला. लोकांचा असंतोष इतका वाढला की १८२३ च्या सुमारास मन्रोने ती व्यवस्था मोडली. तोडणे मात्र थांबले नाही. १८४० नंतरच्या वर्षांत मलबारचा कलेक्टर कॉनोली याने नीलंबूर येथे सागाची लागवड सुरू केली. तीत चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याचे परिश्रम मोठे. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा वनसंरक्षक झाला. पण लगेच १८५३ मध्ये बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धावली आणि लाकडाला एक नवे, कधीही न भरणारे तोंड फुटले. रुळाच्या एका मैलास सुमारे १८०० ते २००० स्लीपर लागत, आणि ते काही वर्षांनी कुजून बदलावे लागत. १८६४ मध्ये सरकारी वनखाते स्थापन झाले, १८७८ मध्ये कायदा आला, राखीव जंगले ठरली. ज्या रानातून गावकरी आपल्या घराचा वासा आणीत असे, त्या रानात तो आता गुन्हेगार ठरू लागला. वनखात्याने जंगल राखले हे खरे, पण ते कोणासाठी राखले हा प्रश्न आमच्या मते अद्याप नीट विचारला गेलेला नाही.

१८८८ मध्ये मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत घाट चढून रेल्वे पुरी झाली. पुढे अळणावरहून दांडेलीस जी शाखा गेली ती मुख्यतः लाकडासाठीच. बेळगाव, खानापूर, हल्याळ या भागांतील आमच्या पिढीच्या लोकांस दांडेलीच्या आगारातले ओंडक्यांचे डोंगर आठवत असतील.

इकडे ब्रह्मदेशात सागाने एक राज्यच बुडविले. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ मध्ये स्थापन झालेली कंपनी तेथे साग तोडीत असे. तिने तोडलेल्या झाडांचा पुरा आकार भरला नाही म्हणून राजा थिबाच्या दरबाराने तिला दंड केला. तो तंटा १८८५ च्या युद्धाचे निमित्त झाला. राजा पदच्युत होऊन कुठे आला, तर आपल्या रत्नागिरीस. तेथे १९१० मध्ये पुऱ्या झालेल्या वाड्याच्या कोरीव लाकडी खिडक्यांतून समुद्राकडे पाहत त्याने शेवटची वर्षे काढली आणि १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. ‘बर्मा साग आहे साहेब, निर्धास्त घ्या’ असे वखारवाला म्हणाला तेव्हा आम्हांस थिबा आठवला.

त्या वखारीत आम्ही फसलो हेही येथे सांगून टाकावे. ती कोणती हे सांगण्याचे कारण नाही. तिथून आणलेल्या दोन फळ्यांवर मेस्ताने रंधा मारताच वरचा सोनेरी रंग भुशाबरोबर निघून गेला आणि खाली पांढुरके लाकूड दिसू लागले. साग तोच, पण सालीखालचा. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. त्यातील तेलकट द्रव्ये वाळवीस मानवत नाहीत. बाहेरच्या पांढऱ्या भागात ती नसतात, आणि कोवळ्या, लवकर वाढविलेल्या झाडात तो पांढरा भागच फार असतो. परदेशच्या लागवडीचा साग वाईट नव्हे. त्यात गाभा किती हे पाहून घ्यावा एवढेच. फळीचे तोंड पाहावे. तेथे रंगाची सीमा स्पष्ट दिसते. एक पातळ ढलपी काढून पाहावी, तिचा वास घ्यावा. फळी डोळ्याच्या रेषेत धरून तिचा पीळ पाहावा. आणि आणल्याबरोबर कापू नये. घरच्या हवेत, मध्ये पट्ट्या घालून, काही आठवडे पडू द्यावी. आपल्या दमट मुलखात पावसाळ्यात फुगलेले लाकूड माघात आखडते आणि सांधे उघडे पडतात.

दुसऱ्या वखारवाल्याने आमच्यापुढे प्लायवुडचा तक्ता टाकला. ‘देव्हारेदेखील आता याचेच होतात,’ तो म्हणाला. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. चिकटविलेल्या लाकडात देव कसा बसवावयाचा, हा त्यांचा आक्षेप. तो ऐकून आम्ही प्रथम हसलो आणि मग शोधावयास लागलो.

लाकडाचे पातळ पदर एकमेकांवर आडवे-उभे चिकटविण्याची कल्पना प्राचीन आहे. ईजिप्तमध्ये सक्कारा येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, सहा पदरांच्या लाकडाची शवपेटी सापडली आहे. हिंदुस्थानात मात्र प्लायवुड आले ते चहाच्या खोक्याच्या रूपाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिक किनाऱ्यावरील रेव्हल, म्हणजे आजचे टालिन, येथील लूथर यांच्या कारखान्यातून अशा पेट्यांचे तक्ते मळ्यांना पुरविले जात. पुढे आसामात कारखाने निघाले. १९४५ मध्ये मलबारात कण्णूरजवळ वळपट्टणम् येथे मोठा कारखाना उभा राहिला. दांडेलीतही हा धंदा वाढला. १९६२ मध्ये बंगळुरास प्लायवुडच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली.

आता चिकट पदार्थाचा प्रश्न. घरातल्यांचा आक्षेप अगदी निराधार नव्हता. जुन्या सुतारांचा सरस कातडी-हाडांपासून होई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्लायवुडसाठी दुधातील केसीन वापरीत, तसेच खाटीकखान्यातील रक्तापासून काढलेले अल्ब्युमिनही वापरीत. असले तक्ते देवघरात आले असते तर आमच्या आजीने ते बाहेर फेकले असते, आणि ते योग्यच झाले असते. परंतु बेकलंडने १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्मल्डिहाइड यांपासून कृत्रिम राळ सिद्ध केली आणि तिच्या मार्गाने पुढे सारेच बदलले. आजचे प्लायवुड अशाच राळांनी जोडलेले असते. गंमत अशी की वराहमिहिराने ‘वज्रलेपा’च्या ज्या कृती दिल्या आहेत, त्यांतली पहिली टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुले, गुग्गुळ, राळ, जवस अशा वनस्पतिजन्य द्रव्यांची आहे, आणि दुसऱ्या एकीत गाई-म्हशींची शिंगे व कातडे घालावयास तो मुळीच कचरत नाही. आणि हे लेप देवालयांस व मूर्तींस लावण्यासाठीच होते! हे आम्ही घरी वाचून दाखविले. काही काळ शांतता पसरली. मग, ‘ते शास्त्रकारांचे, आपल्या घरी नको,’ असा निकाल मिळाला. निकालास अपील नव्हते.

प्लायवुड घ्यावयाचेच तर त्यावरची खूण वाचावी. आय. एस. ३०३ हे सामान्य कामाचे, त्यात एम. आर. म्हणजे केवळ दमटपणा सोसणारे, आणि बी. डब्ल्यू. आर. त्याहून बळकट. आय. एस. ७१० हे फिनॉलच्या राळेचे, ज्याच्या नमुन्यास ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून पारखतात. कोकण-गोव्याच्या पावसात भिंतीला लागून राहणाऱ्या कामास आम्ही पहिले कधीही सुचविणार नाही. केवळ ‘मरीन’ या शब्दावर विसंबू नये, तो कोणीही छापतो, आय. एस. आय. चे चिन्ह आणि परवान्याचा क्रमांक पाहावा. कडेकडून पाहिल्यास पदरांमधल्या पोकळ्या दिसतात, आणि बोटाने ठोकीत गेल्यास पोकळ जागी आवाज बदलतो. आतले लाकूडही विचारावे. उत्तरेकडचे यमुनानगर पॉप्लर व सफेद्यावर चालते, केरळातले पेरुंबावूर रबराच्या झाडावर. रबराचे लाकूड औषध मुरविलेले नसेल तर कीड त्याला आधी शोधते.

आता इक्वेडोरच्या सागाचे कोडे उलगडते. १९८० मध्ये वनसंवर्धनाचा कायदा झाला. १९८४ मध्ये गोव्यात वृक्षसंरक्षणाचा कायदा आला, ज्यामुळे आपल्याच परसातले झाड पाडावयासही परवानगी लागते. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीस कडक बंधने घातली. एप्रिल २०१४ पासून ब्रह्मदेशाने ओंडक्यांची निर्यात बंद केली. शिसवीच्या जातीचे लाकूड २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात नियंत्रित झाले. जे रान कंपनी, गोदी आणि रेल्वे यांनी दीडशे वर्षे उपसले, त्याचे दार अखेर बंद झाले, आणि ते बंद झाले हे इष्टच. आज्ञापत्रातली ‘परमुलखातून विकत आणावे’ ही सूचना आपण तीनशे वर्षांनी अंमलात आणीत आहो.

राहता राहिले जुने लाकूड. बेळगावात, फोंड्यात, सर्वत्र वाडे पडत आहेत आणि त्यांच्या तुळया वखारींत येत आहेत. शंभर वर्षे मुरलेला ऐन, साग, फणस आज जेथे मिळतो ती जागा रान नव्हे, पाडलेली घरे. खिळे आधी काढून घ्यावेत, नाही तर करवतीचे दात जातात. अशाच एका वखारीच्या कोपऱ्यात आम्हांस फणसाचे चार खांब दिसले. त्यांवर कमळाची कोरीव बोंडे होती आणि तेलाचा काळा लेप होता. असला लेप घरातल्या खांबांवर बसत नाही. चौकशी केली तेव्हा कळले की एका देवळाचा जीर्णोद्धार होऊन सभामंडप सिमेंटचा झाला, तेव्हा जुने लाकूड वजनावर विकले गेले होते. त्या देवस्थानचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण असे करणारे ते एकटे नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बारदेशातून देव घेऊन नदी ओलांडणाऱ्या आपल्या पूर्वजांनी अंत्रुजात पुन्हा देवळे उभी केली, तेव्हा त्यांच्यापाशी होते ते लाकूड, जांभा आणि चुना. त्या परंपरेचे खांब किलोच्या भावाने जातात. महाजनांच्या सभेत संगमरवराचा खर्च तासभर चर्चिला जातो. उतरविलेल्या लाकडाचे काय करावयाचे हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. तो असावा अशी आमची सर्व देवस्थानांच्या महाजनांस विनंती आहे. खांब मोजावेत, छायाचित्रे घ्यावीत, आणि वापरता येत नसतील तर निदान देवळाच्या आवारातच छपराखाली ठेवावेत.

चारही खांब आम्ही विकत घेतले. त्यांपैकी कोरीव दोन जसेच्या तसे राखले आहेत. ते देवस्थानने परत मागितल्यास देऊ, असे पत्र त्यांस पाठविले आहे. साध्या दोहोंतून नव्या देव्हाऱ्याची चौकट व चौथा पाय निघाला. सांधे सारे कुसू आणि खाच यांचे, आत बांबूची खुंटी. सरस नाही, राळही नाही. पाठीमागची फळी मात्र, भिंतीच्या ओलीचा विचार करून, ७१० क्रमांकाच्या प्लायवुडची घेतली आणि ती देवाला न लागता बाहेरून बसविली. हा तह घरात दोन दिवस चालला होता.

मेस्ताने वराहमिहिराचे नाव कधी ऐकलेले नाही. पाय कापण्यापूर्वी तो खांबाभोवती दोनदा फिरला, गाठींवरून हात फिरविला, वर्तुळे पाहिली आणि मग खडूने एका टोकास फुली मारली.

‘हा बुडखा,’ तो म्हणाला. ‘बुडखा खाली हवा. झाड उलटे उभे करू नये.’